तीन पावलांचे क्रियापद

जपानी भाषेच्या वरच्या परीक्षेची तयारी करत असताना मी एका निबंधात स्वतःविषयी एक वाक्य लिहिले होते. पुण्यातील आमच्या वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी सभागृह मिळवण्याचे काम माझ्याकडे आले होते आणि त्या पंधरा दिवसांत मी शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बरीच धावपळ केली होती. शब्दकोशात नुकतेच सापडलेले ‘होन्सो सुरु’ हे क्रियापद मला त्या धावपळीसाठी अगदी नेमके वाटले. ‘एखादे कार्य सिद्धीस जावे म्हणून इकडेतिकडे धावून खटपट करणे’ असा त्याचा अर्थ दिलेला होता. मी मोठ्या हौसेने लिहिले की सभागृहाच्या शोधासाठी मी ‘होन्सो’ केले.

आमच्या जपानीच्या शिक्षिकेने, सेन्सेईंनी, वही परत दिली तेव्हा त्या क्रियापदाखाली लाल पेन्सिलीची एक बारीक रेघ होती आणि शेजारी ‘हाशिरिमावारु’ हे साधे, घरगुती जपानी क्रियापद लिहिलेले होते. त्याचा शब्दशः अर्थ ‘धावत फिरणे’ असा होतो. मी विचारले, “माझे चुकले का?” त्या म्हणाल्या, “व्याकरण बरोबर आहे. स्वतःविषयी हा शब्द वापरणारी माणसेही आहेत. पण हा शब्द दुसऱ्याने तुमच्याविषयी वापरला, तर जास्त शोभतो. आपण आपल्याविषयी एवढेच म्हणावे, की मी जरा धावत फिरले.”

त्या रेघेमुळे हा शब्द माझ्या मनात घर करून राहिला. पुढे भाषांतराच्या कामात तो वारंवार भेटत गेला. एखाद्या संस्थेच्या स्मरणिकेत, एखाद्या दिवंगत डॉक्टरांवरील मृत्युलेखात किंवा एखाद्या गावी रेल्वे यावी म्हणून आयुष्य वेचलेल्या माणसाच्या चरित्रात तो असायचाच, आणि प्रत्येक वेळी मराठी प्रतिशब्द निवडताना माझा हात अडायचा. ‘प्रयत्न केले’ म्हटले तर त्यातले पाय नाहीसे होतात. ‘धावपळ केली’ म्हटले तर पाय राहतात, परंतु मान जातो. ‘अथक परिश्रम घेतले’ हे तर इतक्या सत्कारांच्या भाषणांतून येऊन गेले आहे, की त्यातले परिश्रम आता कोणाला दिसतही नाहीत.

हा शब्द दोन चिनी अक्षरांनी लिहितात. त्यांतले दुसरे अक्षर सोपे आहे. ‘धावणे’ याच अर्थाचे ते अक्षर जपानी मुले दुसऱ्या इयत्तेतच शिकतात. खरी गंमत पहिल्या अक्षरात आहे. आज ते छापलेले पाहिले तर वर ‘मोठा’ या अर्थाचे चिन्ह आणि खाली गवतासारखे काहीतरी, असे दिसते, आणि त्याचा धावण्याशी काय संबंध ते कळत नाही. मात्र प्राचीन चीनमधील कांस्यपात्रांवरील लेखांत याच अक्षराचे जुने रूप पाहिले की उलगडा होतो. तिथे वर दोन्ही हात झुलवत धावणारा माणूस आहे आणि त्याच्या खाली तीन पाऊलखुणा आहेत. ‘धावणे’ या साध्या अक्षराच्या जुन्या रूपातही तोच हात झुलवणारा माणूस असतो, परंतु त्याच्या खाली पाऊल एकच. शतकानुशतके लिहिता लिहिता त्या तीन पावलांचे गवत झाले आणि झुलणारे हात सरळ होऊन ‘मोठा’ हे चिन्ह बनले. एका पावलाने धावणे होते, ते तीन पावलांनी जिवाच्या आकांताने धावणे होते. वर्गात सेन्सेईंनी फळ्यावर ती तीन पावले काढून दाखवली होती. खडूच्या तीन लहान आकृत्या, दोन खाली आणि एक वर, जणू ओल्या मातीतून कोणीतरी घाईने गेले आहे आणि माणूस दिसेनासा झाल्यावरही खुणा तेवढ्या राहिल्या आहेत.

हे अक्षर ज्या इतर शब्दांत येते, ते शब्द मुळीच सभ्य नाहीत. पावसाळ्यात बांध फोडून निघालेल्या पाण्याच्या लोंढ्याला ‘होन्र्यू’ म्हणतात. घरदार टाकून पळून जाण्याला ‘शुप्पोन’ म्हणतात. वेड लागल्यासारखे एखाद्या गोष्टीमागे लागण्याला ‘क्योहोन’ म्हणतात, आणि कोणाचेही बंधन न मानणाऱ्या स्वैर स्वभावाला ‘जियू होन्पो’. म्हणजे सरकारी अहवालात आणि आभारपत्रात अत्यंत अदबीने वापरल्या जाणाऱ्या या क्रियापदाच्या पोटात एक उधळलेले जनावर आहे. मला हे फार खरे वाटते. सार्वजनिक कार्यासाठी धावणारी जी थोडी माणसे मी जवळून पाहिली, त्यांच्यात हे दोन्ही एकत्र असते. बोलणे नम्र, अर्ज व्यवस्थित, खाली सही आणि तारीख. आत मात्र असे काहीतरी सुटलेले असते की ते घरच्यांना आवरत नाही आणि त्यांना स्वतःलाही आवरत नाही.

व्याकरणातही एक बारकावा आहे, जो मला बराच उशिरा लक्षात आला. मराठीत आपण ‘शाळेसाठी धावला’ असे म्हणतो. जपानीत या क्रियापदाआधी बहुधा ‘नि’ हा प्रत्यय येतो, आणि ‘तोक्योला जातो’ असे म्हणताना गावाच्या नावाला लागतो तोही हाच ‘नि’. त्यामुळे ‘निधी जमवण्यासाठी होन्सो केले’ हे वाक्य माझ्या कानाला असे ऐकू येते, की निधी जमवणे हे जणू एक ठिकाण आहे आणि माणूस तिकडे धावत निघाला आहे. पोहोचला तर ‘होन्सो नो काइ आत्ते’, म्हणजे धावण्याचे चीज झाले. न पोहोचला तर ‘होन्सो मो मुनाशिकु’, म्हणजे धावणे व्यर्थ गेले. वृत्तपत्रांतून हे दोन्ही वाक्प्रचार नेहमी येतात. विशेष हे, की दुसऱ्या वाक्प्रचारातही क्रियापद तेच राहते. काम फसले म्हणून धावणाऱ्याचा शब्द काढून घेतला जात नाही.

जपानी इतिहासाच्या पुस्तकांत हा शब्द सर्वाधिक भेटतो तो तोकुगावा राजवटीच्या शेवटच्या वर्षांत. ‘कोकुजि नि होन्सो सुरु’, म्हणजे राष्ट्रकार्यासाठी धावणे, हा त्या काळातील तरुण सामुराईंविषयीचा ठरलेला शब्दप्रयोग आहे. तोसा संस्थानातील साकामोतो र्योमा याने 1862 साली परवानगीविना आपले संस्थान सोडले. त्या काळात हा गुन्हा होता. पुढच्या काही वर्षांत तो कधी पायी, कधी जहाजाने जपानभर फिरत राहिला, आणि एकमेकांचे रक्त सांडलेल्या सात्सुमा आणि चोशू या दोन बलाढ्य संस्थानांना 1866 साली एकत्र आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. 1867 च्या अखेरीस क्योतो शहरात त्याची हत्या झाली, तेव्हा तो जेमतेम एकतिशीचा होता. या माणसाच्या हाती ना संस्थान होते ना सैन्य. त्याचे काम म्हणजे एका दारातून निघून दुसऱ्या दारात जाणे आणि पहिल्या घरातले बोलणे दुसऱ्या घराला पचेल अशा शब्दांत सांगणे हेच होते. पूर्वेला धाव, पश्चिमेला धाव, अशा अर्थाचा ‘तोहोन सेइसो’ हा चार अक्षरी शब्द अशाच माणसांसाठी वापरतात.

परंतु मला या शब्दाची तलवारवाली बाजू तितकी जवळची वाटत नाही, जितकी स्वयंपाकघरातली वाटते. जपानमध्ये जेवण झाल्यावर हात जोडून ‘गोचिसोसामा’ म्हणतात, हे आता आपल्याकडेही अनेकांना ठाऊक आहे. त्यातल्या ‘चिसो’चा मूळ अर्थ घोडा दौडवत, धावत फिरणे असाच आहे. पाहुणा यायचा म्हणून यजमान मासळीसाठी एकीकडे, भाजीसाठी दुसरीकडे धावला, आणि त्या धावण्यालाच पुढे मेजवानीचा अर्थ आला. जेवून उठणारा माणूस अन्नाची स्तुती करत नाही, कोणाचे तरी पाय दुखले असतील याची दखल घेतो. जुन्या जपानीत ‘होन्सो’ हा शब्ददेखील पाहुणचार करणे आणि जिवापाड जपणे या अर्थांनी वापरला जात असे. त्यावरूनच लाडक्या मुलाला ‘होन्सोगो’ म्हणत. पश्चिम जपानच्या काही बोलींत हा शब्द थोड्या बदललेल्या रूपांत टिकून राहिला. ज्याच्यासाठी आईबाप धावत राहतात, ते मूल.

झेन मठांच्या स्वयंपाकघरात इदातेन या देवतेची मूर्ती असते. चिलखत घातलेला, तरुण, वेगवान असा हा देव. बुद्धाच्या अस्थी चोरून पळालेल्या राक्षसाचा त्याने पाठलाग करून त्या परत आणल्या अशी कथा आहे, आणि बुद्धासाठी अन्न गोळा करत तो दाही दिशांना धावला, म्हणून ‘गोचिसो’शी त्याचे नाते जोडतात. जपानीत कोणी फार वेगाने धावला तर तो ‘इदातेनासारखा धावला’ असे म्हणतात. हा इदातेन म्हणजे आपला स्कंद, कार्तिकेय. संस्कृत नाव चिनी लिपीत उतरवताना आणि पुढे नकला करताना बदलत बदलत ते इदातेन झाले. हे प्रथम कळले तेव्हा मला लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवली. आईवडिलांना प्रदक्षिणा घालून गणपती जिंकतो आणि मोरावर बसून खरोखर पृथ्वीला फेरी घालून आलेला कार्तिकेय हरतो, ती. आमच्या घरी ही गोष्ट नेहमी बुद्धीच्या विजयाची म्हणून सांगितली जाई आणि मला ती पटतही असे. तरी फेरी पूर्ण करून घामाघूम होऊन परतलेल्या त्या मुलाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारत नसे. जपानमध्ये त्याला स्वयंपाकघरात जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला.

आपल्या भाषेत अशा धावण्याला शब्द कमी नाहीत. हेलपाटे, खेटे, पायपीट, वणवण, यातायात, उंबरे झिजवणे, जोडे झिजवणे असे कितीतरी आहेत. पण त्यांचा सूर ऐकावा. हेलपाटा म्हटला की तो फुकट गेलेलाच असतो. खेटे घातले म्हटले की समोरच्याने दाद दिलेली नसते. दुसऱ्याच्या कामासाठी धावणाऱ्याला आपण ‘उठाठेवी’ म्हणतो, त्याच्या कामाला ‘लष्कराच्या भाकऱ्या’ म्हणतो, आणि ‘खटपट’ या चांगल्या, कष्टाळू शब्दावरून ‘खटपट्या’ असे नाव बनवतो, ज्यात कौतुकापेक्षा संशय जास्त असतो. आदराने बोलायचे झाले तर ‘झटणे’ आहे, ‘चंदनासारखे झिजणे’ आहे. हे शब्द मला प्रिय आहेत, पण झिजणारे चंदन सहाणेवर एकाच जागी असते. ते कोणाच्या दारी जात नाही. मराठीत आदराने धावतो तो देव. भक्त त्याचा धावा करतो आणि तो धावून येतो. माणसाने माणसांसाठी धावावे आणि त्या धावण्याला औपचारिक भाषेत उभे राहण्याइतका मान असावा, असा एकच शब्द मला अजून सापडलेला नाही. भाषांतर करताना मी प्रत्येक वेळी दोन-तीन शब्दांची मोळी बांधते आणि पुढे जाते.

असे असले तरी हा शब्द आणि महाराष्ट्र यांची एकदा अगदी प्रत्यक्ष गाठ पडली आहे.

1858 साली जपानच्या चोशू संस्थानात, म्हणजे आजच्या यामागुचि प्रांतात, एका सामुराई कुटुंबात नारुसे जिन्झो यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ओसाकातील मुलींच्या शाळेत शिकवले, पुढे निइगाता येथे मुलींची शाळा काढली आणि 1890 साली अमेरिकेला शिक्षणासाठी गेले. परतल्यावर 1896 साली त्यांनी ‘जोशि क्योइकु’, म्हणजे ‘स्त्रीशिक्षण’, हे पुस्तक प्रसिद्ध केले. स्त्रीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि मग देशाची नागरिक म्हणून शिकवले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. मुलींना चांगली पत्नी आणि शहाणी माता होण्यापुरते शिकवावे, असे सरकारी धोरण ज्या काळात आकार घेत होते, त्या काळात हा माणूस मुलींसाठी विद्यापीठ काढायला निघाला.

जपानी चरित्रकोशांत यापुढच्या पाच वर्षांचे वर्णन बहुधा एका वाक्यात उरकलेले असते, की त्यांनी संस्थेच्या स्थापनेसाठी ‘होन्सो’ केले. त्या एका शब्दात काय काय मावले आहे ते पाहिले, की छाती दडपते. योशिनोच्या डोंगरातील मोठे वनमालक दोकुरा शोझाबुरो यांच्याकडे ते गेले. ओसाकातील प्रसिद्ध व्यापारी घराण्याची सूत्रे हाती घेतलेल्या हिरोओका आसाको यांच्याकडे गेले. या बाई मित्सुइ घराण्यात जन्मलेल्या, लहानपणी पुस्तकांना हात लावायची बंदी सोसलेल्या आणि पुढे कोळशाच्या खाणीचा कारभार स्वतः खाणीवर जाऊन पाहिलेल्या. पैसे मागायला येणारी माणसे त्यांनी खूप पाहिली होती. नारुसे यांनी त्यांच्या हाती आपले पुस्तक ठेवले. ते त्यांनी पुन्हा पुन्हा वाचले आणि मग त्या स्वतःच त्यांच्या बरोबरीने दारोदार फिरू लागल्या. इतो हिरोबुमि, ओकुमा शिगेनोबु यांच्यासारखे पंतप्रधानपद भूषवलेले नेते, शिबुसावा एइइचि यांच्यासारखे उद्योजक, अशा सगळ्यांना भेटून, पटवून, पुन्हा भेटून त्यांनी त्यांना या कामाशी बांधून घेतले. संस्था आधी ओसाकात व्हायची होती. ती पुढे तोक्योला न्यायचे ठरले, आणि एका गावातल्या देणगीदारांना दुसऱ्या गावातल्या संस्थेसाठी पैसे द्यायला तयार करणे म्हणजे काय, हे ज्याने साधी वर्गणी गोळा केली आहे त्याला वेगळे सांगायला नको. मित्सुइ घराण्याने तोक्योतील मेजिरो येथील जमीन दिली आणि एप्रिल 1901 मध्ये गृहशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य अशा तीन विभागांनिशी ‘निहोन जोशि दाइगाक्को’ सुरू झाली. नावात विद्यापीठ असले, तरी कायद्याने तिला विद्यापीठ व्हायला 1948 साल उजाडावे लागले.

याच 1858 साली, एप्रिल महिन्यात, कोकणात धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला. अण्णांच्या आयुष्यातील धावणे तर मराठी वाचकाला पाठ आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरुडहून कुंभार्ली घाटाने साताऱ्याला पायी निघाले. 100 मैलांहून अधिक वाट पावसात तुडवून पोहोचले, आणि हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. होन्सो मो मुनाशिकु. 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. 1900 साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला, आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून हा प्राध्यापक हिंगण्याची वाट पायी तुडवत राहिला. उरलेल्या वेळात आणि सुट्ट्यांत गावोगाव फिरून वर्गणी. लोकांनी बहिष्कार घातला, अपमान केले, तरी ते पुन्हा त्याच दारी जात.

1914 साली अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. त्यानंतरच्या वर्षी त्यांनी एक छापील पुस्तिका वाचली, आणि ती तोक्योच्या त्याच महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका होती. वयाच्या 57व्या वर्षी, जेव्हा माणसे पेन्शनीचा हिशेब करतात, तेव्हा त्यांच्या मनात आले, की जपानात हे होते तर आपल्याकडे का होऊ नये. डिसेंबर 1915 मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि 1916 साली मूठभर विद्यार्थिनींनिशी ते सुरूही केले. मग पुन्हा लहान लहान वर्गण्यांसाठी देशभर प्रवास. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. आज मुंबईत आणि पुण्यात शिकणाऱ्या हजारो मुली ज्या संस्थेला आद्याक्षरांनी ओळखतात, तिच्या मुळाशी मेजिरोहून निघालेले काही छापील कागद आहेत.

अण्णा आणि नारुसे कधी भेटले नाहीत. नारुसे यांना यकृताचा कर्करोग झाला. तो बरा होणार नाही हे कळल्यावर त्यांनी जानेवारी 1919 मध्ये विद्यार्थिनींपुढे आपले निरोपाचे भाषण केले आणि मार्चमध्ये ते गेले. त्यानंतर दहा वर्षांनी, सत्तरी ओलांडलेले अण्णा विद्यापीठाच्या प्रचारासाठी आणि निधीसाठी जगप्रवासाला निघाले. युरोप झाला, अमेरिका झाली, आणि 1930 साली भारतात परतण्यापूर्वी ते तोक्योतील त्या महिला विद्यापीठात जाऊन आले. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन माणसांपैकी एक दुसऱ्याच्या दारी पोहोचला, तेव्हा घरमालक उरला नव्हता. त्या भेटीत अण्णांना कोणी सांगितले असेल का, की आमच्या संस्थापकांनी या इमारतींसाठी ‘होन्सो’ केले? आणि दुभाष्याने त्याचे इंग्रजी काय केले असेल? मी अनेकदा त्या दुभाष्याचा विचार करते.

अण्णा ज्या रस्त्याने साताऱ्याला गेले, त्याच रस्त्यावर, घाटाच्या अलीकडे पाटण खोऱ्यात, माझी आत्या राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. गावातले वाचनालय म्हणजे देवळाच्या ओवरीतली दोन कपाटे होती, आणि पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी यायची. त्याला स्वतःची एक खोली मिळावी एवढाच तिचा हट्ट होता. त्यासाठी ती अकरा वर्षे धावली. आजी म्हणायची, “घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतेय.” बाबा म्हणायचे, “ताई, सोड आता.” ती म्हणायची, “एवढ्या बुधवारी जाऊन बघते.” साताऱ्याच्या एका कार्यालयात तिचा प्रस्ताव दोनदा गहाळ झाला, आणि दोन्ही वेळा तिने तो पुन्हा पहिल्या पानापासून हाताने लिहून काढला, कारण मधल्या काळात नमुना बदललेला होता.

मागच्या दिवाळीत तिने मला त्या काळातली वही दाखवली. शंभर पानी, चौकटीची, पाठीला खाकी कागद. पट्टीने आखलेले चार रकाने होते. तारीख, कोणाकडे, काय म्हणाले, पुन्हा कधी. मधूनमधून पानांना एसटीची तिकिटे टाचणीने लावलेली होती आणि टाचण्यांचा गंज कागदावर उमटला होता. नोंदी अशा. “साहेब मीटिंगला. सोमवारी.” “सोमवारी रजेवर. गुरुवारी.” “201 रुपये दिले. चहाला थांबले नाही, गाडी चुकली असती.” “नाही म्हणाले. मुलगा वाचतो म्हणाले. मुलाला भेटणे.” आणि पाच महिन्यांनंतर, “मुलगा भेटला. 51 रुपये.” एका संपूर्ण पानावर तिसऱ्या रकान्यात फक्त “नाहीत” हाच शब्द होता, वरपासून खालपर्यंत, वेगवेगळ्या शाईत. त्या पानावर माझे बोट बराच वेळ थांबले. इतिहासाच्या पुस्तकांत नारुसे यांच्या पाच वर्षांचे एक वाक्य होते, आणि अण्णांच्या वर्गणीचीही एक ओळच उरते. ते एक वाक्य सोलले तर आत अशी पाने निघतील. ज्यांनी हो म्हटले त्यांची नावे संगमरवरावर कोरलेली असतात. “नाहीत” म्हणून परत आलेल्या दिवसांचे काय करायचे, हे फक्त त्या क्रियापदाला ठाऊक आहे. ते मोजत नाही, पण वगळतही नाही.

मी आत्याला तो जपानी शब्द सांगितला. वहीच्या कोऱ्या पानावर अक्षराचे जुने रूप काढून दाखवले. वर हात झुलवणारा माणूस, खाली तीन पावले. तिने चष्मा वर करून ते जवळून पाहिले.

“आणि नुसत्या धावण्याच्या अक्षरात?”

“एकच पाऊल असतं.”

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “एका खेपेत कुठं काय होतं गं?”

पुण्याला परतल्यावर मी सेन्सेईंना नववर्षाचे पत्र लिहिले. त्या आता कोबेला राहतात. त्यात एक वाक्य आत्याविषयी लिहिले, की माझी थोरली आत्या गावच्या वाचनालयासाठी अकरा वर्षे होन्सो करत होती. जपानी रीतीप्रमाणे घरच्या माणसाविषयी परक्यांपुढे मोठे शब्द वापरत नाहीत, म्हणून मी जरा बिचकत होते. त्यांच्या उत्तरासोबत माझ्या पत्राची झेरॉक्स आली. दोन ठिकाणी प्रत्यय दुरुस्त केलेले होते. त्या क्रियापदाभोवती लाल पेन्सिलीने पाकळ्या-पाकळ्यांचे वर्तुळ काढले होते. जपानी शिक्षक लहान मुलांच्या वहीत उत्तम कामाला असे फूल काढतात. त्याला ‘हानामारु’ म्हणतात.

तो कागद मी आत्याला पाठवला आणि तिने तो त्या वहीत ठेवला, शेवटची नोंद आहे त्या पानात. त्या नोंदीच्या चौथ्या रकान्यात काही नाही. तिसऱ्यात लिहिले आहे, “खोली दिली. कुलूप आपले आणावे म्हणाले. बाजारातून येताना घेतले.”